डोंगरासाठी राखलेले बूट

रविवार, २१ जुलै १९५७. त्र्यंबकेश्वर, ब्रह्मगिरीचा पायथा. सकाळचे सात. पाऊस चालू.

हजर: भूगोलाचे मास्तर, शिवणाच्या ताराबाई, शाळेचे शिपाई बापूराव, वरच्या वर्गातल्या पाच मुली, म्हणजे कमल, सुमन, इंदू, शकुंतला आणि प्रमिला, आणि मी. एकूण नऊ. वहाणा आठ जोड, अनवाणी एक. गैरहजर कोणी नाही.

ही नोंद माझ्या जुन्या वहीतली. शाईवर पावसाचे थेंब पडून दोन नावं फुटली आहेत, पण वाचता येतात. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि परभणीच्या मुलींच्या शाळेत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. आज माझ्या याद्यांची शाळेत थट्टा होते. स्नेहसंमेलन असो की परीक्षा, कोणती सतरंजी कुठून आणायची आणि कुणी परत न्यायची, हे मी लिहून ठेवते. नव्या शिक्षिका हसतात. हसोत. त्यांतली प्रत्येक ओळ कुठे शिकले, ते त्यांना माहीत नाही.

आमच्या मुलींच्या शाळेत मास्तर हे एकटेच पुरुष शिक्षक. वयानं चोपन्न, अंगानं काटक, डोक्यावर काळी टोपी. त्यांच्याशी कोणी बोलायला गेलं की ते आधी खाली बघायचे. नव्यानं आलेल्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, पहिल्या दिवशी ते विचित्रच वाटलं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे गृहस्थ लाजाळू आहेत का?" लाजाळू मुळीच नव्हते. ते पायताण बघत होते. माणूस कुठून आला, किती चालला, घाईत आहे की निवांत, हे पायांवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. "तोंड काय, कसंबी करता येतं," म्हणायचे. "टाच खोटं बोलत न्हाई." मुलींची नावं त्यांना वर्षभर पाठ व्हायची नाहीत, पण वर्गाबाहेर काढलेल्या चपला पाहून आज कोण आलेली नाही, हे ते दारातूनच सांगत.

निजामाच्या अमदानीत ते मुलांच्या शाळेत भूगोल उर्दूतून शिकवत. पोलीस ॲक्शन झाली, शिक्षण मराठीत आलं आणि वयाच्या पंचेचाळिशीत त्यांना स्वतःचाच विषय नव्यानं पाठ करावा लागला. रात्रीतून भाषा बदलली तरी तोंडातले शब्द बदलत नाहीत. परीक्षेला ते शेवटपर्यंत इम्तिहानच म्हणत, आणि तपासणीला मुआयना.

आता बुटांविषयी.

पोलीस ॲक्शननंतर जालन्याच्या बाजारात जुनं लष्करी सामान विकायला आलं होतं. तिथून मास्तरांनी एक बुटांचा जोड आणला. तांबूस जाड चामडं, घोट्याच्या वर येणारे, तळाला लोखंडी खिळ्यांच्या तीन रांगा. हे बूट डोंगरासाठी, असं त्यांनी जाहीर केलं. परभणीत डोंगर नाही. स्टेशनच्या पुलावर उभं राहून चारी दिशांना पाहिलं तरी काळी रानं, त्यांत ज्वारी नाही तर कापूस, आणि लांब कुठंतरी एखादं चिंचेचं झाड. तरी मास्तर दर शनिवारी संध्याकाळी दारात पाट टाकून बसत आणि बुटांना करडीचं तेल चोळत. नऊ वर्षं. रविवारी ते बूट घालून शाळेच्या गच्चीवर पन्नास फेऱ्या मारत, म्हणजे पायाला सवय राहील. पावसात मात्र ते कधीच बाहेर काढले नाहीत. डोंगरासाठी राखलेली वस्तू उगीच भिजवायची कशाला?

गल्लीतले लोक येता-जाता विचारत, "मास्तर, डोंगर आला का?"

मास्तर मान वर न करता म्हणत, "निघालाय. वाटेत हाय."

वर्गात त्यांचा एक जुना नकाशा होता, हैदराबाद संस्थानाचा, उर्दू अक्षरांचा, खाली-वर लाकडी पट्ट्या मारलेला. त्यात गोदावरी, जिला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात, ती डाव्या कडेला एकदम सुरू व्हायची. संस्थान तिथं संपायचं, म्हणून नदीही तिथंच सुरू. मागे कुणी मुलीनं विचारलं होतं, "मास्तर, ही कुठून येती?" तेव्हा मास्तर म्हणाले होते, "पुस्तकात त्र्यंबकेश्वर लिहिलंय. नकाशात ती कागदाच्या काठातून येती. खरं काय, ते मी बघितलं न्हाई."

मग छप्पन्न साली राज्यांची फेरमांडणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि शाळेला नवा नकाशा आला. मास्तरांनी तो भिंतीवर लावला, टोपी काढून हातात घेतली आणि काठापासून बोट मागे मागे नेत गेले. पैठण, नाशिक, त्र्यंबक. बोट तिथं थांबलं. "अपनेच घर में थी," एवढंच म्हणाले. अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. तीस वर्षं ज्या उगमाचं नाव घेतलं तो डोळ्यांनी पाहायचा, आणि मुलींना घेऊन पाहायचा, तोही भर पावसाळ्यात, नदी जन्मते त्या दिवसांत, असं त्यांनी ठरवलं.

मोठ्या बाईंनी दोन दिवस विचार केला. परभणीहून मुली मुक्कामाच्या सहलीला कधी गेल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी परवानगी दिली ती अशी: "जा. पण एकीचाही पाय मुरगळला, तर या शाळेची ही पहिली आणि शेवटची सहल. मग दहा वर्षं कुणी विचारायचं नाही. पालकांना मीच तसं लिहून दिलं आहे."

मास्तरांनी खाली मोठ्या बाईंच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. पायाचंच बोलू आपण."

यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं.

आमच्यापैकी कोणी कधी डोंगर चढलेलं नव्हतं. मास्तरही नाही. पण त्यांनी त्र्यंबकला जाऊन आलेल्या माणसांना गाठून, स्टेशनवरच्या हमालांना विचारून, स्वतःच्या डोक्यानं काही नियम काढले होते आणि ते रोज एकेक मला लिहायला सांगत. नवी वहाण सकाळी घ्यायची नाही. दिवसभर चालून पाय फुगतो, म्हणून संध्याकाळी घ्यायची. अंगठ्यापुढं एक बोट जागा ठेवायची, नाहीतर उतरताना नख काळं पडतं. नवं पायताण पंधरा दिवस घरात वापरल्याशिवाय डोंगरावर न्यायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे ते अनेकदा दुसऱ्याच प्रसंगांत म्हणत: "पाणी आत येणारच. त्याच्याशी भांडू नका. आत आलेलं बाहेर जातं का, तेवढं बघा."

मग त्यांनी इम्तिहान ठेवलं. शेवाळलेला ओला दगड आमच्याकडे एकाच ठिकाणी मिळायचा, पिंगळीच्या बारवेत, म्हणजे दगडी विहिरीच्या पायऱ्यांवर. जूनचा शेवट होता, पाऊस चांगला झाला होता. आम्ही नऊ जण परभणीहून गाडीनं पिंगळीला उतरलो. स्टेशनबाहेर काळ्या मातीची वाट लागली आणि आम्ही सगळ्यांनी, न ठरवता, चपला काढून हातात घेतल्या. आमच्या मातीत दुसरं काही करताच येत नाही. दहा पावलांत पायाला शेराशेराचा गोळा चिकटतो.

मास्तर मागे वळले. "हातात घ्यायच्या असतील तर घरीच ऱ्हावा. डोंगरावर हात मोकळे लागतेत."

बारवेवर एक म्हातारबाबा बसले होते. आमची फौज पाहून म्हणाले, "काय वो, पाण्याला आलाव का? घागरी कुठं हायेत?"

"पाय तपासायलाव, बाबा," मास्तर म्हणाले.

"वैद्य हाव का?"

"मास्तर हाव."

"मंग चालू द्या. मास्तरला कोण आडवणार!"

परीक्षा अशी: काठावरून खाली पाण्याला लागेपर्यंत जायचं आणि वर यायचं, दोन खेपा, भिंतीला हात न लावता. खाली बापूराव उभे. घसरली की नापास. मी वरच्या पायरीवर वही घेऊन. रोजच्या चपला पहिल्या तीन पायऱ्यांतच गेल्या. सुमनचे कवायतीचे कॅनव्हासचे बूट बरे चालले, पण तळ झिजून गुळगुळीत झालेला आणि आत पाणी साठून पचपच आवाज. नापास. ताराबाईंनी आधीच बजावलं होतं, "गंगेच्या जन्मस्थानी मी पायात काही घालून चढायची नाही. अनवाणी जाईन." मास्तर म्हणाले, "बिलकुल जा. आधी इथं उतरा." ताराबाई चार पायऱ्या गेल्या, तळपायाला कपची लागली, आणि त्या मुकाट्यानं वर आल्या. मास्तरांनी तडजोड सुचवली, "दारापर्यंत वहाण, दारात काढायची. देवाला बी तेच चालतं." ताराबाईंना पटलं, निदान तळपायाला तरी.

अनवाणी पास झाले ते एकटे बापूराव. पालमकडचे, धनगराच्या घरातले, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. पायरीवरून ते असे उतरले की जणू माजघरातून ओसरीवर चालले आहेत. मास्तरांनी मला लिहायला सांगितलं: "अनवाणी, पहिला वर्ग. पण वीस वर्षं मेंढरं राखलेल्यालाच."

टायरच्या वहाणाही पास झाल्या. त्या स्टेशन रोडवरच्या लिंबाजीमामांकडून मास्तरांनी नमुन्याला आणल्या होत्या: लॉरीच्या टायरचा तळ, खाचा शाबूत असलेला, वर चामड्याचे रुंद पट्टे, टाचेमागंही पट्टा. दगडावर त्या अशा बसल्या की कमल खालून वर पळत आली.

शेवटी मास्तरांनी पिशवीतून बूट काढले. नऊ वर्षांच्या तेलानं ते आरशासारखे चमकत होते. त्यांनी वाद्या आवळल्या, टोपी नीट केली आणि पहिली पायरी उतरले. दुसऱ्या पायरीवर लोखंडी खिळे शेवाळावर करकरले. तिसऱ्यावर मास्तर बसले, आणि बसल्याबसल्या पुढच्या चार पायऱ्या उतरून थेट बापूरावांच्या मिठीत गेले.

कोणी हसलं नाही. म्हातारबाबाच बोलले, "मास्तर, लोखंड आन् शेवाळ म्हंजे सासू-सून. एका घरात ऱ्हातेत, पर पटत न्हाई."

मास्तर उठले. बूट काढले आणि अनवाणी प्रयत्न केला. तीस वर्षं पायताणात राहिलेला तळपाय लोण्यासारखा मऊ, दोन पायऱ्यांत तोही घसरला. मग ते वर आले आणि माझ्या वहीकडे बोट केलं.

"लिवा, बाई."

"राहू द्या ना मास्तर," मी म्हटलं.

"लिवा. खिळ्यांचे बूट, नापास. मास्तर, अनवाणी, नापास. ज्याचा पाय पास न्हाई तो डोंगरावर जाणार न्हाई, हा कायदा कुणी केलाय?"

"तुम्ही."

"मग."

नऊ वर्षांची तपश्चर्या त्यांनी एका ओळीत मोडीत काढली आणि त्याच संध्याकाळी लिंबाजीमामांकडे जाऊन आठ जोड टायरच्या वहाणांचं माप दिलं. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

वहाणांवरून गावात बोलणी झाली. "हमालाच्या चपला पोरींच्या पायात!" असं सुमनची आजी शाळेत येऊन म्हणाली. कमलचं दुःख वेगळं होतं. तिचा पाय मोठा. लिंबाजीमामांनी तिचं माप घेताना बायकांचा ठोकळा बाजूला ठेवून पुरुषांचा काढला, आणि बाकीच्या मुली खिदळल्या. तेव्हापासून ती पाय साडीत ओढून बसायची. तिचे वडील तिच्यासमोरच म्हणायचे, "ह्या पायाला नवरा कुठून आणू?"

पंधरा दिवस वहाणा घरात वापरून झाल्या. निघायच्या दोन दिवस आधी मी शेवटची यादी काढली, सात प्रती हातानं लिहून घरोघरी दिल्या. अंबाडीचा दोर वीस हात, शिदोरी, कोरडे कपडे वगैरे. सातवं कलम मास्तरांनी तोंडी सांगितलं होतं. पट्ट्यांचं चामडं भिजून ताणलं जाऊ नये, म्हणून त्यांना आदल्या दिवशी रोगण लावायचं. मी लिहिलं: "७. आदल्या दिवशी वहाणांना रोगण लावणे."

रोगण म्हणजे कढवून घट्ट केलेलं करडीचं तेल. विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट पावसापाण्यात कुजू नये म्हणून शेतकरी तिला आतून-बाहेरून रोगण चोळतो. आमच्याकडे प्रत्येक घरात त्याचं मडकं असायचं, आणि चामड्याला रोगण लावायचं म्हणजे कसं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वरून, खालून, कुठं जागा सोडायची नाही. सात घरांत सात जोड वहाणा मोटेसारख्या रोगणात न्हाल्या, वाळवून फडक्यात बांधल्या गेल्या आणि आमच्याबरोबर मनमाडला गाडी बदलून त्र्यंबकला आल्या. माझ्या घरी माझ्या आईनं लावलं. मी पाहिलंसुद्धा आणि मला काही वाटलं नाही.

डोंगराची पहिली वाट मातीची होती. ताठ मानेनं चढलो. तासाभरानं कातळातल्या पायऱ्या लागल्या. वरून पाणी वाहत होतं. सुमनचा पाय सर्रकन गेला, मी दंड धरला. पाठोपाठ ताराबाई धपकन बसल्या. मग प्रमिला. तिघींना लागलं नव्हतं, पण पुढं पायऱ्या अरुंद होत होत्या आणि एका बाजूला ढग होते, म्हणजे खाली किती आहे ते दिसत नव्हतं.

मास्तरांनी ताराबाईंची वहाण उलटी केली आणि टायरवरून बोट फिरवलं. खाचा भरून गेल्या होत्या. वर काचेसारखा पिवळसर थर.

"हे काय लावलं?"

"रोगण," ताराबाई म्हणाल्या.

"तळाला?"

"यादीत होतं."

आठ माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवीतून यादी काढली आणि सातवं कलम वाचलं. दगडावर घासून पाहिलं, तंबाखूच्या डबीतला नखभर चुना लावून पाहिला. वाळलेलं रोगण ते. मोटेवर दोन-दोन वर्षं टिकतं, ते पाच मिनिटांत कसं सुटणार?

मास्तर म्हणाले, "बाई, कलम चुकलं न्हाई. अर्धं ऱ्हायलंय. पुरं करा."

भर पावसात, पदर आडवा धरून मी पेन्सिलीनं पुढं लिहिलं: "फक्त पट्ट्यांना. तळाला नाही." ती प्रत माझ्याकडे आहे.

बापूराव तोवर दोराकडे बघत होते. "मास्तर, बरसातीत वढ्याच्या खडकावून जाताना आमी पायाला दोरीचा वेढा देताव. शेवाळावर टायर न्हाई धरलं तरी आंबाडी धरती. पर लवकर झिजती. चढायला एक, उतरायला दुसरा वेढा लागंल."

मोजायचं काम माझं. एका वहाणेला एक हात दोर, जोडीला दोन, चढण-उतरण मिळून माणशी चार. सात जणींना अठ्ठावीस. दोर वीस हात, शिदोरीच्या गाठोड्याला बांधलेला आणखी चार. चोवीस. सहा जणींपुरता. मास्तरांना लागत नव्हता. त्यांनी स्वतःच्या वहाणांना पट्ट्यांपुरतंच रोगण लावलं होतं.

"एक कमी," मी म्हटलं. "चूक माझी. मी इथं थांबते."

"मी खाली जाऊन दोर आणतो," बापूराव म्हणाले. "दोन घंट्यांत येतो."

मास्तरांनी वर ढगांकडे पाहिलं. "न्हाई. बापूराव नसताना पोरी हितं बसवायच्या न्हाईत, आन् दुपारनंतर ह्या पायऱ्या उतरायच्या न्हाईत." मग माझ्याकडे वळले. "आन् तुमी थांबायचं न्हाई. मला फकस्त बघायचं व्हतं. तुमाला मोजता येतं. मोजणारं माणूस वर गेलं पायजे."

ते दगडावर बसले आणि वहाणांचे पट्टे सोडायला लागले.

"कमल, पाय दाखव."

कमलनं पाय मागं घेतला.

"अगं दाखव की. जिंदगीभर पायच बघितलेत मी. असा पाय परभणीत दुसरा न्हाई." त्यांनी आपल्या वहाणा तिच्यापुढं सरकवल्या. तिनं घातल्या. बोटभर जागा पुढं, टाच बरोबर पट्ट्यात. मापून केल्यासारख्या.

"मास्तर, मी थांबते ना," ती रडवेली झाली. "तुमाला गंगा बघायचीय. माझं काय, मी पुढं कवातरी..."

"तू थांबलीस तर तुझ्या बापाला काय सांगू? पायामुळं ऱ्हायली म्हणून? मी न्हाई सांगणार. ऊठ."

मग त्यांनी पिशवी उघडली. आत बूट होते. त्र्यंबकपर्यंत ते त्यांनी गुपचूप बरोबर आणले होते. "डोंगर दाखवायला आणले," म्हणाले. वाद्या बांधून, कातळाच्या एका पुढं आलेल्या छपरीखाली पाठ टेकून बसले. "बूट आन् मी, दोघं नापास. दोघं बसताव. जावा तुमी. आन् बाई, पाणीबिणी आणू नका. उगमाशी ती किती रुंद हाय, तेवढं मोजून आणा."

आम्ही गेलो. अंबाडीचा वेढा ओल्या कातळाला मांजरीच्या नखासारखा धरत होता. कमल सगळ्यांच्या पुढं होती, मास्तरांच्या वहाणांत, आणि प्रत्येक अवघड पायरीवर वळून दुसरीला हात देत होती. वरच्या देवळाच्या दारात ताराबाईंनी आधी स्वतःच्या वहाणा काढल्या आणि मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. दारात काढल्या, ठरल्याप्रमाणे.

आमची गंगा तिथं दगडातून निघून एका चरातून वाहत होती. गंगाखेडच्या घाटावर जिचं पैलतीर पावसाळ्यात धूसर होतं, ती इथं पोरीच्या परकराच्या काठाएवढी. इंदूनं मागाहून तिलाच विचारल्यासारखं विचारलं, "हीच का गं तू?" कमलनं वाकून वीत लावली. मी लिहून घेतलं.

दुपारी बाराच्या आत नवे वेढे बांधून आम्ही उतरलो. मास्तर छपरीखाली तसेच बसले होते, गुडघ्यांपर्यंत भिजलेले. आम्ही दिसलो तरी त्यांनी तोंडं पाहिली नाहीत. ते खाली बघत मोजत होते. "चौदा, पंधरा, सोळा. बरोबर." मग वर बघून हसले. त्या सोळांत एकही लंगडत नव्हता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक वीत, चार बोटं," मी वही उघडली.

कमलनं एक वहाण काढली, तिच्यावर वीत लावली, पुढं चार बोटं ठेवली. टाचेपासून टोकापर्यंत बरोबर. "मास्तर, तुमच्या वहाणेएवढी हाय ती."

मास्तरांनी ती वहाण हातात घेतली आणि नकाशावर नेलं होतं तसं तिच्यावरून टोकापासून टाचेपर्यंत बोट नेलं.

परभणीला गाडी आली तेव्हा मोठ्या बाई फलाटावर होत्या. त्यांनी पाचही मुलींना गाडीपासून फाटकापर्यंत चालवून पाहिलं. एकही लंगडली नाही. पुढच्या वर्षी सहल पुन्हा निघाली, आणि मग दरवर्षी निघत राहिली. कमलचे वडीलही आले होते. तिच्या पायांकडे पाहून म्हणाले, "ह्या कुणाच्या?"

"मास्तरांच्या," कमल सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाली. "मला बरोबर बसतात."

सोमवारी मास्तरांनी नव्या नकाशासमोर उभं राहून फळ्यावर लिहिलं: "गोदावरी. उगमाजवळ रुंदी: एक वहाण." तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचून भुवया वर केल्या. मास्तर म्हणाले, "मुआयना करायचा असंल तर वहाण वर्गाबाहेर काढलेली हाय."

मार्चमध्ये ते निवृत्त झाले आणि हैदराबादला मुलाकडे गेले. जाताना बूट माझ्याकडे आणून दिले. "खिळे काढा, टायर बसवा, बारवेत इम्तिहान घ्या. पास झाले तर वर न्या. मी न्हाई गेलो तरी चालंल. त्यांनी नऊ वर्षं वाट बघितलीय." मी त्यांच्यासमोरच तीन कलमं लिहून घेतली.

त्यानंतर दर आषाढात त्यांचं कार्ड यायचं, एका ओळीचं: "डोंगर आला का?" मीही एकाच ओळीत उत्तर द्यायचे: "निघालाय. वाटेत हाय." अकरा वर्षं. बाराव्या आषाढात कार्ड आलं नाही. मुलाचं पत्र आलं.

बूट माझ्या कपाटात राहिले. लिंबाजीमामा म्हणायचे, नऊ वर्षांच्या तेलात खिळे असे बसलेत की काढताना तळ फाटेल. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं एकेक खिळा तापवून काढला आणि नवा टायर बसवला. तळाला रोगण लावू नको, हे मी त्याला लिहून दिलं होतं. कमल आता जिंतूरकडे एका शाळेची मोठी बाई आहे. तिला कळवलं. तिचं उत्तर आलं: बूट मला बसतील, पण पाऊस पडू द्या, पायऱ्यांवर शेवाळ धरू द्या, कोरड्या बारवेत पास करू नका.

यादी समोर आहे.

१. खिळे काढणे. झालं.

२. टायर बसवणे. झालं.

३. पिंगळीची बारव, दोन खेपा, भिंतीला हात न लावता. पाय कमलचे, वही माझी. बाकी.